फुली आणि टिंब

पहिल्या दिवशी दैवशालानं माझ्या तळहातावर ठेवला
कोष कापून काढलेला प्युपा,
भिजल्या खजुराच्या रंगाचा, गार,
जरा दाबला की कमरेतून हलणारा.
"शेपटाकडून बघ. फुली असली तर मादी,
टिंब असलं तर नर.
तोंडाकडं बघू नको,
तोंडावरून कुणाचंच कळत नसतं."

अंबड रस्त्याला पत्र्याची शेड, खिडक्यांना ओली पोती,
एप्रिलमध्ये अकरा बाया आणि अडतीस हजार कोष.
फुली डावीकडं, टिंब उजवीकडं.
शाळेत माझ्या वहीभर फुल्याच असायच्या,
बाईंच्या लाल पेनाच्या.
लग्नात मिळालेली नाकातली फुली
बोअरच्या शेवटच्या वीस फुटांत गेली.
आता ही तिसरी, एवढीशी, नखानं ओरखडल्यासारखी,
आणि हिचे पैसे मिळतात.
"हजारात पाच चुका चालतील," खिल्लारे सर म्हणतात.
"सहावी नाही."

जेवताना तस्लीम सांगते
(ती बीएस्सीचं दुसरं वर्ष अर्धं सोडून आलेली):
आपण म्हणतो डास चावला. चावलेली असते ती.
मुंगळा म्हणून झटकतो, तीही बाईच,
कामावर निघालेली.
माशी नर असली तरी माशीच.
झुरळाला तर भाषेनं काहीच ठेवलं नाही, ते आपलं ते.
रातकिडा मात्र खरोखर तो, रात्रभर पंख घासणारा,
आणि ऐकणारी ती,
तिचे कान गुडघ्याखाली.

वर पत्र्याच्या कोपऱ्यात कोळी.
"तो बघ," मी म्हणाले.
"ती," तस्लीम म्हणाली. "मधोमध बसलीय ना, ती.
तो तिकडं कडेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा,
तोंडापुढच्या दोन हातांत
बॉक्सिंगचे मोजे घातल्यासारखा.
एकच धागा हळूच वाजवून बघतोय,
येऊ का."
दैवशालाला भाकरीचा ठसका लागला.
"आमच्याकडं कुठं विचारतेत," म्हणाली.

पाखरं निघाली की नर फडफडत फिरतात,
मादी पोट घेऊन जागेवर.
चार तास जोडी, मग हातानं सोडवायची.
नर डब्यात, डबा फ्रीजमध्ये, उद्याच्या दुसरीसाठी.
मादी कागदावर, अंडी घालून होईपर्यंत.
मग तिला खलात कुटून
सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, रोग होता का.
नराला कुणी कुटत नाही.
हे मी घरी सांगितलं नाही.

गल्लीत कळायचं ते कळलंच.
मथुराबाई सुनेला घेऊन आली, दिवेलागणीला,
आल्या आल्या दार लोटून घेतलं.
पाचवा महिना. सून उंबऱ्यातच,
गाऊनवर टॉवेल पांघरून.
"दवाखान्यात पाटी लावलीय, सांगत न्हाईत.
तू तर दिवसाला हजार बघतीस म्हणं.
हिला एकदा हात लाव."

माझ्या बोटांना तुतीचा आणि मेल्या आळ्यांचा वास होता.
दोनदा साबण लावूनही जात नाही तो.
मी म्हणाले, "मावशी,
आमच्यात आधी कोष कापावा लागतो."

चहा न घेताच गेली.
सून दारात जराशी थांबली, बोलली काही नाही.
अंधारात चपला बदलल्या,
माझी एक तिच्या पायात गेली ती अजून आली नाही.

त्या शुक्रवारी एक असा हाती लागला,
धड फुली नाही, धड टिंब नाही.
भिंगाखाली धरला, उजेडाकडं धरला,
थुंकी लावून पुसला.
अकरा जणींच्या हातून फिरून परत माझ्याकडं.
"सहावी चूक," दैवशाला म्हणाली,
आणि चहाच्या बशीत ठेवला, खिडकीशी,
पोत्याच्या ओलीला.

नवव्या दिवशी बशीत पाखरू.
मळकट पांढरं, फडफडणारं.
"नर," मी म्हणाले.
तस्लीमनं ओढणीनं मान पुसली.
"बाहेर बेचाळीस आहे," म्हणाली,
"इथं कुणीही फडफडेल."